अधिक महिन्याचा पाहुणा

"इथं राहायला बरी जागा कुठली?"

प्रश्न मागून आला. मी पेतालिंग स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, तौफूच्या गाडीच्या ताडपत्रीखाली उभी होते. दुपारचे चार वाजले होते आणि क्वालालंपूरचा चारचा पाऊस वेळेवर आला होता. हातातल्या वाटीत आल्याच्या पाकात बुडालेलं, सोयाच्या दुधाचं, खरवसासारखं लुसलुशीत तौफू होतं आणि नाकाच्या शेंड्यावर राग होता. राग बाबांवरचा. आमच्या लॉजच्या पाटीवर त्यांना 'शांत खोल्या' असं रंगवून घ्यायचं होतं. शांत! खाली बदकं भाजणाऱ्याचं दुकान, समोर कढईत चेस्टनट परतणाऱ्याचा खडखडाट आणि वर स्वतः बाबा. मी म्हटलं, खोटं लिहायचं असेल तर माझ्या डोळ्यांदेखत नको. आणि जिना उतरून आले होते.

मी वळून बघितलं. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात हत्यारांची लोखंडी पेटी, आणि छत्री कुठंच नाही. केसांतलं पाणी ओघळून थेट पापण्यांवर येत होतं. ते पुसायचं सोडून तो माझ्या उत्तराची वाट बघत होता.

"किती दिवस राहायचंय?"

"एकोणतीस."

"मग कमानीजवळचं हॉटेल नको. भिंती इतक्या पातळ आहेत की शेजारचा शिंकला तर तुमची उशी हलेल. देवळामागचं नको, पहाटे पाचला घंटा. बस स्टँडसमोरचं मोठं हॉटेल दिसायला झकास आहे, पण त्यांची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकते."

"अडकते की झटका देऊन थांबते?" त्याचे डोळे एकदम चमकले.

"फरक काय पडतो?"

"खूप पडतो." त्यानं पेटी जरा उचलून दाखवली. "लिफ्टवाला आहे मी. दुरुस्तीचं काम. सोमवारपासून इथल्या कंपनीत लागतोय."

"मग यी हाप लॉज तर तुमच्यासाठी अजिबातच नको. तिथं लिफ्टच नाही. एक्केचाळीस पायऱ्या. खिडकी उघडते ती बदकवाल्याच्या धुराड्यावर, आठ दिवसांत सगळ्या शर्टांना भाजलेल्या बदकाचा वास. मालक लॉटरीच्या आकड्यांवर बोलायला लागला की थांबत नाही. आणि त्याची मुलगी… तोंडाची फटकळ आहे."

"कितपत फटकळ?"

"गिऱ्हाईकं रडत गेलीत."

"लग्न झालंय तिचं?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"नाही… ते तोंड अजून किती दिवस तिथं असणार, याचा अंदाज घेत होतो."

तौफूवाली आंटी पळी हातात धरून खुसखुसायला लागली. मी वाटी तिच्यापुढे ठेवली, रेनकोटची टोपी डोक्यावर ओढली आणि पावसात शिरले. गल्ली ओलांडेपर्यंत पाठीमागून कुणीतरी बघतंय असं वाटत होतं, आणि मी मुद्दाम वळले नाही.

आमचा काउंटर दुसऱ्या मजल्यावर आहे. त्यामुळे येणारं गिऱ्हाईक आधी धापा टाकतं, मग बोलतं. अर्ध्या तासानं मी एक चक्कर मारून वर पोचते न पोचते तोच हा आला, पेटी खाली ठेवली आणि धापा न टाकता म्हणाला, "बेचाळीस."

"काय?"

"पायऱ्या. बेचाळीस आहेत. एक लपवलीत तुम्ही."

मी ओला रेनकोट हातात धरून तशीच उभी राहिले. "एवढं सगळं ऐकूनही इथंच आलात?"

"बाकीच्या जागांचे दोष परक्यानं सांगितले होते. याच लॉजचे घरच्या माणसानं सांगितले. म्हटलं, इथं आपली फसवणूक व्हायची नाही."

"मी घरची आहे हे कळलं कसं?"

"मुलीबद्दल बोलताना तुमचे कान लाल झाले."

मी वही पुढे ओढली. नाव, लियोंग वेनशेंग. गाव, तेलुक इंतान.

"अरे वा, वाकड्या मनोऱ्याचं गाव," मी म्हटलं. "जन्मापासून तो मनोरा बघत वाढलेल्यांच्यात सरळ माणूस निपजतो का हो?"

"आम्ही सरळच असतो. मनोरा बघायला मान तेवढी वाकडी करावी लागते." आणि त्यानं खरोखरच मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. मी पेनचं टोपण शोधायला लागले. ते पेनालाच होतं.

"एकोणतीसच दिवस का? अठ्ठावीस नाही, तीस नाही?"

"इथंच शहरात, चेरासला आईच्या मावसबहिणीचा फ्लॅट आहे, रिकामा. मला तिथंच राहायचंय. पण आजपासून सातवा महिना लागला ना! आईनं बजावलंय, सातव्यात नव्या घराचा उंबरा ओलांडलास तर तंगडं मोडीन. आता एवढे दिवस इथं काढायचे, आठवा लागला की तिकडे."

आमच्या पंचांगातला सातवा महिना भुतापितरांचा. त्या महिन्यात त्यांना मोकळं सोडतात आणि ती गल्लीबोळांतून हिंडतात. म्हणून तेव्हा कुणी घर बदलत नाही, लग्न करत नाही, नवं काहीच सुरू करत नाही. जुनी माणसं मानतात, आणि तरुण माणसं मानत नाही म्हणत म्हणत मानतात. त्याच्या आईचं काही चुकलं नव्हतं.

चुकलं होतं ते त्याचं. माझ्या पाठीमागं, भिंतीवर, बाबांचं रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं. वर मोठ्ठा आकडा, पंचवीस जुलै, आणि खाली बारीक अक्षरांत… अधिक सहावा महिना, पहिला दिवस. यंदा सहावा महिना दोनदा आला होता. कॅलेंडर न बघता बोटांवर मोजणाऱ्यांची ही हमखास चूक. सहावा संपला म्हणजे सातवा लागला, असं धरून हा गडी बॅग घेऊन निघाला होता. खरा सातवा लागायला अजून एकोणतीस दिवस होते, आणि आत्ताच्या आत्ता बस पकडली असती तर संध्याकाळचा चहा त्याला चेरासच्या फ्लॅटमध्ये पिता आला असता.

एक वाक्य. तेवढंच बोलायचं होतं. बदकाच्या वासापासून बापाच्या लॉटरीपर्यंत सगळं सांगून मोकळी झालेली मी… आणि तेवढं एक वाक्य काही तोंडातून बाहेर पडेना. त्या आठवड्यात आमच्या अकरापैकी नऊ खोल्या रिकाम्या होत्या. तेव्हा हा निव्वळ धंदा आहे, असं मी स्वतःला बजावलं. त्याच्या पापण्यांवरच्या पाण्याचा त्यात काही संबंध नव्हता.

मी हातातला ओला रेनकोट कॅलेंडरच्या खिळ्यावर अडकवला आणि त्याला सात नंबरची किल्ली दिली.

पहिले काही दिवस मी त्याच्याशी मोजकंच बोलत होते. पण त्याला गप्प बसवणं कठीण. सकाळी कामावर जाताना काउंटरपाशी थांबायचा, शर्टाची बाही हुंगायचा आणि गंभीरपणे सांगायचा, "आज बदक जरा जास्त भाजलंय." संध्याकाळी आला की बाबांच्या तावडीत सापडायचा. बाबा त्याला लॉटरीचे चार आकडे कसे निवडायचे ते शिकवायचे आणि तो इतक्या मन लावून ऐकायचा, की बाबांनी मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, "मुलगा हुशार आहे."

"तुमचं ऐकतो म्हणून?"

"मग आणखी काय लागतं हुशारीला?"

पहिल्याच रविवारी त्यानं खिडकीच्या वरच्या लोखंडी कांबीला एक कप्पी बसवली, दोर ओवला आणि वेताची टोपली खाली सोडली. खाली तौफूची गाडी. त्यानं शीळ घातली, आंटीनं दोन झाकलेल्या वाट्या टोपलीत ठेवल्या आणि टोपली बदकाच्या धुरातून हेलकावे खात वर आली.

"घ्या," तो म्हणाला. "लॉजला लिफ्ट नाही असं आता कुणाला सांगू नका."

तेव्हापासून टोपली रोजची झाली. तो कामावर असला तरी बरोबर चारला आंटी खालून हाक मारायची, "शान! तुझ्या लिफ्टवाल्यानं सकाळीच सांगून ठेवलंय!" तिच्या त्या 'तुझ्या'वर चेस्टनटवाला मोठ्यानं हसायचा. मी दोर ओढायचे आणि बाहेर कुणाला दिसू नये म्हणून आत वळून खायचे.

बाहेर जायचं झालं की मी भिजायचे. रेनकोट कॅलेंडरवर होता ना! तो काढला की अधिक सहावा महिना भिंतीवरून सरळ त्याच्याकडे बघणार. बाबा रोज सकाळी रेनकोट बाजूला करून पान फाडायचे, पुन्हा तसाच ठेवायचे, आणि चकार शब्द बोलायचे नाहीत. मला वाटायचं, म्हातारपण.

दहाव्या-अकराव्या दिवशी तो खिडकीत उभा राहून म्हणाला, "यंदा क्वालालंपूरवाले आळशी दिसतात."

"का?"

"सातवा लागून इतके दिवस झाले, रस्त्याच्या कडेला एक उदबत्ती नाही. पितरांच्या नावानं कागदी नोटा कुणी जाळत नाही. आमच्याकडे एव्हाना धुरानं डोळे चुरचुरायला लागतात."

मी उगाच वहीची पानं चाळायला लागले. "इथले… इथले नियम आता कडक झालेत. लोक घरातच करतात."

"घरात? नोटाही?"

"बादलीत जाळतात."

"बादलीत." त्यानं मान डोलावली. "धुराचा त्रास होत असेल नाही?"

"होतो ना. खूप होतो."

"बिचारे," तो म्हणाला आणि घाईघाईनं खोलीत निघून गेला. मी काउंटरवर डोकं टेकलं.

त्याच आठवड्यात माझी मोठी बहीण आली. पुईलिन ताईचं सासर क्लांगचं, आणि तिकडची रीत अशी की अधिक महिना आला की लग्न झालेल्या मुलीनं बापाला डुकराच्या पायांच्या रश्श्यातल्या शेवया करून घालायच्या. आयुष्य वाढतं म्हणे. हे मला ठाऊक होतं, पण ती नेमकी रविवारी दुपारी, तो बाबांबरोबर टेबलाशी बसलेला असताना, एवढं थोरलं पातेलं घेऊन बेचाळीस पायऱ्या चढून येईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

"बाबा, बसा," ताई धापा टाकत म्हणाली. "म्हटलं, यंदा अधिक म—"

मी टेबलाखालून तिच्या नडगीवर लाथ घातली.

"आई गं!"

"—मटण घातलंय का, असं म्हणतेय ती," मी म्हटलं. "अधिक मटण. बाबांचा वाढदिवस ना!"

ताईनं माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. मग परत माझ्याकडे. बहिणी त्यासाठीच असतात. "हो," ती सावकाश म्हणाली. "वाढदिवस. आयुष्मान व्हा, बाबा."

"माझा?" बाबांनी विचारलं.

"तुमचाच," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

बाबांनी खाली मान घालून शेवया ओढायला सुरुवात केली. वेनशेंगनं दोन वाडगे रिचवले, बाबांना दीर्घायुष्य चिंतलं, आणि संध्याकाळी कुठून तरी वाढदिवसाचे गुलाबी, पीचच्या आकाराचे बाव, म्हणजे वाफवलेले गोड पाव, घेऊन आला. आठ. बाबांनी त्यातले पाच खाल्ले. आणि मला रात्री झोप लागेना, कारण आता प्रकरण धंद्याच्या पार पुढं गेलं होतं.

तो कधी 'तुम्ही'चा 'तू'वर आला हे मला नेमकं सांगता येतं. गच्चीवर चादरी वाळत होत्या आणि पाऊस वेळेच्या आधीच आला. मी धावले, तो मागून धावला. दोघांनी एकाच चादरीची दोन टोकं धरली आणि घडी घालायला जवळ आलो. चादर ओली, हात ओले. घडी झाली तरी टोकं कुणीच सोडली नाहीत.

"भिजतेयस," तो म्हणाला. "तुला रेनकोट नाही का?"

"आहे."

"मग?"

"त्याला… तिथंच बरं वाटतं."

तो हसला नाही. माझ्या गालावर चिकटलेली बट त्यानं एका बोटानं बाजूला केली, अगदी हलकेच. मला वाटलं, आत्ताच सांगावं. पण सांगितलं की तो उद्या जाणार. नको, उद्या सांगू.

"चेरासचा फ्लॅट कसा आहे?" मी त्याऐवजी विचारलं.

"छान आहे. दोन लिफ्ट. दोन्ही चालतात. पोहायचा तलाव. इतकं शांत की फ्रिज बंद-चालू झालेला ऐकू येतो."

"बरंय की मग."

"हो ना," तो म्हणाला. "वाईट असं काहीच नाही त्यात." आणि चादर माझ्या हातात देऊन पाऊस बघत उभा राहिला. मग म्हणाला, "तेवीस ऑगस्टला सकाळीच निघेन. आठवा लागला की पहिल्याच दिवशी ये, असं मावशीचं म्हणणं आहे."

तेवीस ऑगस्ट! मी बोटांवर मोजलं, मग जिन्यात जाऊन परत मोजलं. त्याच्या हिशेबानं तो आठव्याचा पहिला दिवस. खरा म्हणजे सातव्याचा पहिला. वर्षातला सगळ्यात वाईट दिवस, ज्या दिवशी पाताळाचं दार उघडून सगळ्या भुतापितरांना मोकळं सोडतात. त्या दिवशी हा बॅग घेऊन नव्या घराच्या उंबऱ्यावर उभा राहणार. मावशी किंचाळेल, आई त्याचं तंगडं मोडेल, आणि पुढं वर्षभर त्याला साधी शिंक आली तरी सगळे म्हणतील, त्या दिवशी घर बदललंस ना! मी भुताखेतांना फारशी मानत नाही. पण हा माणूस वीस-वीस मजली खड्ड्यांत दोराला लटकून काम करतो. त्याच्या बाबतीत मला मुळीच धोका पत्करायचा नव्हता.

म्हणजे सांगायला हवं होतं. आणि सांगितलं, की तो जाणार. बावीसपर्यंत केव्हाही निघायला त्याला पंचांगाची पूर्ण मुभा होती. सांगून त्याला आजच गमवायचं की न सांगून त्याचं वाईट करायचं… बस्स, एवढेच दोन रस्ते होते. रोज सकाळी मी ठरवायचे, आज. रोज चारला टोपली वर यायची, आणि मी म्हणायचे, उद्या.

उद्या उद्या करता बावीस तारीख उजाडली. शुक्रवार. त्यानं अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती. दुपारी आला, खोलीतून बॅग आणि पेटी घेऊन बाहेर पडला. "आंटीचा निरोप घेऊन येतो," म्हणाला आणि जिना उतरला.

निरोपाला कुणी बॅग नेतं का? म्हणजे तिथूनच जाणार. उद्या म्हणाला होता, पण आजच चालला. मग मी उठले, खिळ्यावरचा रेनकोट काढून फेकला, बाबांच्या डोळ्यांदेखत कॅलेंडरचं त्या दिवसाचं पान टर्रकन फाडलं आणि बेचाळीस पायऱ्या कशा उतरले ते मला माहीत नाही. रेनकोट अर्थातच वर राहिला.

तो ताडपत्रीखाली उभा होता, त्याच जागी. पाऊस धो धो कोसळत होता. मी ओलं पान त्याच्या नाकासमोर धरलं.

"वाच. खालचं, बारीक अक्षरातलं."

"शान—"

"मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला जमायचं नाही. आज अधिक सहावा संपतोय. अधिक! यंदा सहावा दोनदा आलाय. तू आलास तेव्हा सातवा लागलाच नव्हता. उद्या लागतोय. उद्या तिकडे जाऊ नकोस, आज जा. अजून उजेड आहे. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. वाढदिवस खोटा, बादली खोटी, सगळं खोटं. इथं फसवणूक होणार नाही म्हणून आलास… आणि मी तेच केलं." माझा आवाज चिरकला. "आता बोल काय बोलायचं ते."

त्यानं पाकीट काढलं. त्यातून घडी घातलेला एक कागद काढला आणि माझ्या हातात दिला. कॅलेंडरचं पान. पंचवीस जुलै. अधिक सहावा, पहिला दिवस.

"दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला," तो म्हणाला. "गाढवा, अधिक महिना आहे, बोटं कसली मोजतोस, आजच जा म्हणाली. मी तुला सांगायला काउंटरवर आलो. तर कॅलेंडरवर रेनकोट, बाहेर पाऊस, आणि तू डोक्यावर पिशवी घेऊन भाजी आणायला निघालेली. मला काही कळेना. मग कचऱ्याच्या टोपलीत हे पान दिसलं… आणि कळलं."

मी पान उलटलं. मागं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'पायऱ्या ४२. बदकाचा वास. लॉटरी. फटकळ मुलगी.' आणि त्याखाली, जरा मोठ्या अक्षरात, 'इथंच राहायचं.'

"म्हणजे त्या उदबत्त्या—"

"बादलीत जाळतात म्हणालीस तेव्हा मला गाल आतून चावून धरावा लागला."

"आणि गुलाबी बाव?"

"बाबांचा वाढदिवस मार्चमध्ये असतो. त्यांनीच सांगितलं. पाचवा बाव खाताना."

"बाबांनाही माहीत होतं?"

"त्यांच्या कॅलेंडरवर महिनाभर रेनकोट लटकतोय आणि पोरगी रोज भिजून घरी येतेय. काय कळायचं राहिलं होतं?"

मी त्याच्या दंडावर गुद्दा मारला. एक पुरेना म्हणून दुसरा मारला. "महिनाभर! महिनाभर मी तळमळतेय, आणि तू मजा बघत होतास! वाकड्या मनोऱ्याच्या गावचा तो वाकड्या मनोऱ्याच्या गावचाच!"

"मजा नव्हतो बघत," तो एकदम हळू आवाजात म्हणाला. "वाट बघत होतो. मनात म्हणायचो, आज नाही सांगितलं… म्हणजे मी राहावं असं वाटतंय तिला. रोज सकाळी जीव भांड्यात पडायचा. आणि आज तू सांगितलंस." त्यानं पापण्यांवरचं पाणी आज पहिल्यांदा पुसलं. "तेव्हा खरं सांग, शान. मला जा म्हणतेयस का?"

"जा म्हणत नाहीये. तुझं वाईट होऊ नये म्हणून सांगतेय."

"फरक काय पडतो?"

"खूप पडतो," मी म्हटलं.

आंटी पळी तशीच वर धरून उभी होती. गाडीपाशी दोन गिऱ्हाईकं ताटकळत होती आणि त्यांचीही काही तक्रार दिसत नव्हती.

"आणि चेरासचा फ्लॅट?" मी विचारलं.

"मावशीला दोन आठवड्यांपूर्वीच सांगितलं, दुसऱ्या कुणाला दे."

"मग ही बॅग?"

"उचलून बघ."

मी उचलली. रिकामी होती. इतकी हलकी की मी जोर लावला तो वायाच गेला आणि मी मागं तोल जाऊन त्याच्या हातावर रेलले. त्यानं हात काढून घेतला नाही.

"तू घाईघाईनं खाली येतेस का ते बघायचं होतं," तो म्हणाला. "नसती आलीस, तर वर येऊन मीच सगळं कबूल करणार होतो. कारण आज विचारलंच पाहिजे होतं. उद्यापासून सातवा. सातव्यात कुणी नवं काही सुरू करत नाही, आणि अजून एक महिना मला नुसतं बदकाबद्दल बोलत बसायचं नाहीये. आठव्यात आई येणार आहे, पोरगं राहतंय तरी कुठं ते बघायला. तिला काय सांगू? सात नंबरचा भाडेकरू म्हणून राहतो, की…"

तो 'की'वर थांबला. तेलुक इंतानचा वाचाळ लिफ्टवाला, पहिल्यांदाच शब्द संपल्यासारखा.

"आधी सगळं ऐकून घे," मी म्हटलं. "मागाहून तक्रार नको. मुलगी फटकळ आहे. खोटंही बोलते, आणि तेही धड बोलता येत नाही. बापाला सोडून ती कुठंही जायची नाही. लॉजला खरी लिफ्ट कधीच बसणार नाही. शर्टांना वास येतच राहणार."

"आणि?"

"आणि… तिचं तुझ्यावर प्रेम आहे. सात नंबरची किल्ली दिली तेव्हापासून."

"हेही दोषांत धरायचं का?"

"सगळ्यात मोठा दोष आहे तो. यावर उपाय नाही."

तो हसला, आणि मग मीही हसले, आणि हसताना रडायलाच आलं. त्यानं भर रस्त्यात, आंटीच्या आणि चेस्टनटवाल्याच्या साक्षीनं, माझा ओला हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. आंटीनं दोन वाट्या भरून पुढं केल्या. "खाऊन घ्या. आणि ते पाकीट आत ठेव रे, आज माझ्याकडून," ती म्हणाली. वरून खिडकीतून बाबांचा आवाज आला, "शान! पान नेलंस ते आण परत! आकडे लिहिलेत मी त्यावर!"

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला आमची गल्ली ओळखू येईना. फूटपाथच्या कडेनं दोन्ही बाजूंना लाल उदबत्त्या खोचलेल्या, मेणबत्त्या, संत्री, भाताचे वाडगे. घराघरातली माणसं खाली उतरून कागदी नोटांच्या चळती जाळत होती आणि धुरानं डोळे चुरचुरत होते. ताडपत्रीवरून दुपारच्या पावसाचं पाणी अजून ठिबकत होतं. मी आणि बाबांनी लॉजच्या पायरीशी उदबत्त्या लावल्या. माझ्या आईच्या नावानं एक वेगळी लावली. बाबांनी तिला हळूच काहीतरी सांगितलं, आणि सांगताना जिन्याकडे बोट दाखवलं.

जिन्यावरून तो येत होता. बदकाचा वास येणारा निळा शर्ट, हातात कागदी नोटांचा जाडजूड गठ्ठा, आणि दुसऱ्या हातात न्हाणीघरातली आमची पत्र्याची बादली.

"हे काय?" मी विचारलं.

"शहरातले नियम फार कडक झालेत म्हणे," वेनशेंग गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि बादली आमच्या दोघांच्या मधोमध ठेवली.

मी काडी ओढली.